गुण नावावर नसलेली माणसं: रग्बीतल्या फॉरवर्डची कारकीर्द

डर्बनच्या किंग्ज पार्क मैदानावर पहिल्यांदाच रग्बीचा सामना पाहायला आलेला माणूस एका गोष्टीने हमखास गोंधळायचा. यजमान शार्क्स संघाच्या एका धिप्पाड खेळाडूकडे चेंडू आला, की सगळं मैदान एकसुरात ओरडायचं आणि लांबून ते ‘बूऽऽ’ असं ऐकू यायचं. आपल्याच खेळाडूची हुर्यो कशाला, असा प्रश्न नवख्याला पडायचा. लोक प्रत्यक्षात ‘बीऽऽस्ट’ म्हणत असत. झिंबाब्वेत हरारेला जन्मलेल्या तेंदाई म्तावारिराचं हे शाळेपासूनचं टोपणनाव. दक्षिण आफ्रिकेकडून तो 117 कसोटी सामने खेळला आणि 2019 मध्ये विश्वविजेता होऊन थांबला.

हा आरडाओरडा चेंडू हातात आल्यावर व्हायचा. त्याचं मुख्य काम मात्र चेंडू प्रेक्षकांना दिसत नाही अशा जागी चालायचं, आणि पगारही त्या कामाचाच होता. व्यावसायिक रग्बीतला फॉरवर्ड ऐंशी मिनिटं काय करतो, त्याची किंमत कशी ठरते आणि त्याचं शरीर त्यासाठी काय मोजतं, हे त्याच्या कारकिर्दीवरून चांगलं समजतं.

रग्बी युनियनमध्ये एका संघात पंधरा खेळाडू असतात. पाठीवर 1 ते 8 क्रमांक असलेले फॉरवर्ड, 9 ते 15 क्रमांकांचे बॅक. बॅक मंडळी प्रामुख्याने पळतात, पास देतात, लाथेने चेंडू लांब मारतात, आणि टीव्हीवर वारंवार दाखवले जाणारे ट्राय बहुतेक करून त्यांचे असतात. ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं, त्याचे 5 गुण. फॉरवर्डनी आधी चेंडू मिळवायचा, मिळाला की राखायचा, आणि समोरच्याकडे असला तर हिसकावायचा.

फॉरवर्डमध्येही जाती आहेत. 1 आणि 3 नंबरचे दोन प्रॉप, म्हणजे टेकू, आणि त्यांच्यामधला 2 नंबरचा हूकर मिळून पहिली फळी होते. 4 आणि 5 नंबरचे लॉक सगळ्यांत उंच, दोन मीटरच्या आसपास. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की लाइनआउट होतो, म्हणजे दोन्ही संघ समोरासमोर रांगा लावतात आणि मधोमध चेंडू फेकला जातो. तेव्हा या लॉकना साथीदार मांड्यांना धरून हवेत उचलतात. 6 आणि 7 नंबरचे फ्लँकर आणि मागचा नंबर एट हे चपळ आणि चिवट गडी. खाली पडलेल्या माणसाच्या हातातून चेंडू उपसून काढण्यात ते तरबेज असतात.

बीस्ट 1 नंबरचा प्रॉप. त्याची खरी परीक्षा व्हायची स्क्रममध्ये, तेव्हा तिथे जरा थांबून पाहू.

चेंडू हातातून पुढे निसटण्यासारखी किरकोळ चूक झाली की पंच स्क्रम देतात. दोन्ही बाजूंचे आठ-आठ फॉरवर्ड तीन ओळींत एकमेकांना घट्ट धरून वाकतात आणि दोन्ही पहिल्या फळ्यांची डोकी एकमेकांत अडकतात. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो आणि दोन्ही बाजू रेटा देतात. आंतरराष्ट्रीय संघाच्या आठ फॉरवर्डचं एकत्रित वजन सुमारे नऊशे किलो असतं. पूर्वी दोन्ही फळ्या लांबून धडकायच्या. त्या धडकेचा जोर शास्त्रज्ञांनी मोजला तेव्हा वरच्या पातळीच्या पुरुष संघांत तो दीड टन वजनाच्याही पुढे गेलेला आढळला. 2013 पासून धडकेआधी समोरच्याला हाताने धरणं सक्तीचं झालं आणि हा आकडा बराच खाली आला. ‘क्राउच, बाइंड, सेट’ असा पंचांचा पुकारा आज ऐकू येतो, तो या बदलामुळे.

आता यातली मेख. डाव्या टोकाच्या 1 नंबरच्या प्रॉपचं डोकं एका बाजूने मोकळं असतं, म्हणून त्याला लूजहेड म्हणतात. उजवीकडच्या 3 नंबरच्या प्रॉपचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये सापडतं, तो टाइटहेड. टाइटहेडच्या दोन्ही खांद्यांवर भार येतो. त्याची पाठ सरळ आणि पाय रोवलेले राहिले तर मागच्या लॉकचा जोर त्याच्या पाठीतून पुढे जातो. त्याची कंबर दोन बोटं जरी वर उचलली गेली तरी बाकीच्या सात जणांची ताकद फुकट. लूजहेड नेमकं तेच घडवायला पाहतो. समोरच्या टाइटहेडच्या छातीखाली शिरायचं, त्याला वर उचलायचं किंवा वाकडं करायचं.

कुस्ती जवळून पाहिलेल्याला हे चटकन उमगेल. आखाड्यात नुसत्या वजनाने कुस्ती निघत नाही. कोणाची मांड खाली आहे, पकड कुठे बसली, मान कोण देतंय यावर ती ठरते. प्रॉपचा हिशेब तोच, फरक एवढाच की त्याच्या पाठीमागून आपलेच पाच गडी रेटत असतात आणि माघार घ्यायला जागा नसते. पैलवानाचे कान मोडतात तसेच प्रॉपचेही मोडतात, कारणही तेच: वर्षानुवर्षांचं घासणं आणि दबणं.

या रेट्याचा धावफलकाशी संबंध काय? स्क्रममध्ये एखादी बाजू कोसळली, वाकडी झाली किंवा उठली, तर पंच तिच्याविरुद्ध पेनल्टी देतात. पेनल्टी खांबांमधून मारली की 3 गुण. ते जमा होतात लाथ मारणाऱ्याच्या नावावर. ज्या खांद्याने ती पेनल्टी मिळवून दिली त्याचं नाव धावफलकावर कुठेच येत नाही. इंग्लंडचा प्रॉप जेसन लेनर्ड देशाकडून 114 सामने खेळला, त्यांत त्याचा ट्राय एक, 1996 मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध. त्याला अपयशी म्हणणारा माणूस रग्बीच्या दुनियेत सापडणार नाही.

बीस्टचं नाव जगभर झालं ते 20 जून 2009 ला, डर्बनमध्येच. इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांचा मिळून होणारा ब्रिटिश अँड आयरिश लायन्स संघ बारा वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत आला होता. बीस्टसमोर टाइटहेड होता फिल व्हिकरी, 2003 च्या विश्वविजेत्या इंग्लंडचा प्रॉप, अनुभवाने कितीतरी मोठा. पहिल्या काही स्क्रममध्येच व्हिकरी उचलला जाऊ लागला आणि पेनल्टीमागून पेनल्टी गेली. दुसरा अर्ध सुरू झाल्यावर थोड्याच वेळात त्याला बाहेर काढावं लागलं. दक्षिण आफ्रिकेने सामना 26-21 असा जिंकला आणि सामनावीर ठरला तेवीस वर्षांचा प्रॉप. प्रॉपला सामनावीर करतात तेव्हा त्याने सामन्याची वाटच बदललेली असते.

वस्तादाच्या हाताखाली

हा मुलगा प्रॉप म्हणून जन्मला नव्हता. झिंबाब्वेत शाळेत असताना तो नंबर एट खेळायचा, मोकळ्या मैदानात चेंडू घेऊन धावणारा. डर्बनला शार्क्सच्या अकादमीत आल्यावर प्रशिक्षक डिक म्यूर यांनी त्याला पहिल्या फळीत जायला सांगितलं. विशीतल्या मुलाला हे सोपं नसतं. ज्या धावण्यामुळे नाव झालं ते सोडायचं आणि शून्यापासून दुसरी विद्या शिकायची. वजन वाढवायचं, मान जाड करायची, पाय कुठे ठेवायचे, श्वास कधी सोडायचा, हे सगळं नव्याने. सुरुवातीच्या सरावात जुने प्रॉप अशा नवशिक्याला अक्षरशः घडी घालून ठेवतात. ही विद्या पुस्तकात नसते. प्रत्येक संघात स्क्रमचा वेगळा प्रशिक्षक असतो आणि तो बहुधा स्वतः पहिल्या फळीत झिजलेला असतो. आपण त्याला वस्ताद म्हटलं असतं.

म्हणूनच प्रॉप उशिरा पिकतो. पंखावरून पळणारा विंगर विशीच्या आतबाहेर चमकतो आणि वेग घटला की उतरणीला लागतो. प्रॉपची ऐन उमेदीची वर्षं बहुधा पंचविशीनंतर येतात आणि शरीर टिकलं तर तिशी ओलांडून चालतात. जोर थोडा घटला तरी कसब वाढत असतं. बीस्टने बावीस-तेविसाव्या वर्षी पदार्पण करून सगळ्यांना चकित केलं, ते या पार्श्वभूमीवर.

लायन्सविरुद्धच्या पराक्रमानंतर वर्षभरातच एक वेगळी अडचण उभी राहिली. तो दक्षिण आफ्रिकेचा नागरिक नव्हता. रग्बीच्या नियमांनुसार तेव्हा तीन वर्षांचं वास्तव्य पुरे होतं, आता ते पाच वर्षांचं केलं आहे. पण तिथल्या राजकारण्यांनी परक्या नागरिकाने राष्ट्रीय संघात का खेळावं, असा सवाल केला. 2010 मध्ये त्याला नागरिकत्व मिळालं तेव्हा हा विषय संपला. ज्या मैदानावर हजारो लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते, त्याच देशात काही महिने त्याचं पुढचं सगळं कागदपत्रांवर टांगलेलं होतं. रग्बीत अशा वाटेने दुसऱ्या देशात गेलेले खेळाडू पुष्कळ आहेत, पॅसिफिक बेटांमधले तर विशेष.

आठवडा, खुराक, पगार

सामना शनिवारी असेल तर आठवडा साधारण असा जातो. रविवारी सुजलेलं अंग बर्फात. सोमवारी सामन्याचं चित्रण पाहून चुका शोधायच्या आणि हलका व्यायाम. मंगळवार सगळ्यांत जड: वजनं, स्क्रमचं यंत्र आणि मग खऱ्या माणसांशी रेटारेटी. बुधवारी बहुधा सुट्टी. गुरुवारी लाइनआउटच्या सांकेतिक खुणा घोकायच्या, शुक्रवारी कर्णधाराच्या देखरेखीखाली छोटा सराव. लाइनआउटचे संकेत दर सामन्याला बदलू शकतात. प्रॉपला ते पाठ असावेच लागतात, कारण लॉकला हवेत उचलणारे हात बहुतेकदा त्याचेच. वीस सेकंदांपूर्वी स्क्रममधून उठलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाने संकेत ऐकायचा, धावत जागेवर पोचायचं आणि सव्वाशे किलोचा लॉक डोक्यावर उचलून अलगद खाली ठेवायचा. फॉरवर्डला नुसता रेटणारा गडी समजणाऱ्यांनी हे एकदा नीट पाहावं.

पैशाचा इतिहास विलक्षण आहे. शंभर वर्षं रग्बी युनियनमध्ये खेळाडूने खेळण्याचे पैसे घेणं हा गुन्हा होता. सामन्यापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, एवढीच मागणी उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी-खाणकामगारांच्या क्लबांनी केली होती. ती नाकारल्यावर 1895 मध्ये हडर्सफील्डला ते क्लब वेगळे झाले आणि त्यातून रग्बी लीग हा निराळा खेळ निघाला. युनियनने हट्ट सोडला तो 1995 च्या ऑगस्टमध्ये. लेनर्ड दोन्ही जमान्यांत खेळला. 1990 मध्ये पदार्पण केलं तेव्हा तो सुतारकाम करायचा. 1992 मध्ये मानेची चकती फुटली, कंबरेचं हाड काढून मानेत बसवलं, आणि तरी तो इंग्लंडचा एकही सामना चुकला नाही. तेव्हा त्याला खेळाचा पगारही नव्हता. हे मी कौतुकाने लिहितोय, पण मान मोडायच्या बेतात आलेल्या माणसाला पोटापाण्यासाठी पुन्हा करवत धरायची होती, हेही विसरता येत नाही.

आज पगार कोण देतं हे देशावर अवलंबून असतं. न्यूझीलंड आणि आयर्लंडमध्ये प्रमुख खेळाडूंचे करार राष्ट्रीय संघटना करते, त्यामुळे खेळाडूने किती सामने खेळायचे यावर तिचा ताबा राहतो. फ्रान्स-इंग्लंडमध्ये मालक क्लबच. इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये पूर्ण संघाच्या पगारावर 64 लाख पौंडांची मर्यादा आहे. चाळीसेक खेळाडूंत ती वाटली तर सरासरी दीड लाख पौंडांच्या आसपास येते. आकडा मोठा दिसतो, पण तो जेमतेम दहा वर्षं चालतो आणि त्याचीही हमी नसते. 2022 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वूस्टर वॉरियर्स आणि वॉस्प्स हे दोन क्लब काही आठवड्यांच्या अंतराने आर्थिकदृष्ट्या कोसळले, पुढच्या वर्षी लंडन आयरिशही. वूस्टर आणि वॉस्प्सच्या खेळाडूंच्या नोकऱ्या तर हंगाम सुरू असतानाच गेल्या.

चांगल्या टाइटहेडला पगाराच्या वाटाघाटीत वजन असतं, त्याचं मूळ नियमात आहे. पहिल्या फळीत अप्रशिक्षित माणूस उभा केला तर मान मोडू शकते. म्हणून राखीव खेळाडूंमध्ये पहिल्या फळीच्या तिन्ही जागांचे तयार गडी असावेच लागतात, आणि ते नसले तर स्क्रम बिनरेट्याची होते. प्रॉपच्या जागी विंगर उभा करून वेळ मारून नेता येत नाही. याच राखीव बाकाने अलीकडे खेळ बदललाय. 2019 च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेने आठ राखीव खेळाडूंपैकी सहा फॉरवर्ड ठेवले, त्यांना ‘बॉम्ब स्क्वॉड’ नाव पडलं. 2023 च्या अंतिम सामन्यात तर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक. पूर्वी प्रॉप ऐंशी मिनिटं खेळायचा, आता चाळीस-पन्नास मिनिटं सगळं ओतून बाहेर पडायचं असं गणित झालंय. प्रॉपच्या अंगाला यात थोडी उसंत मिळते. पण समोरच्या दमलेल्या माणसावर ताज्या दमाचा सव्वाशे किलोचा गडी तुटून पडतो, त्याचं काय, हा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्याच्या चिखलात रग्बी रंगतं, आणि जून 2025 मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीगही झाली. पण ती सात-सात खेळाडूंच्या प्रकारातली. त्यात स्क्रम तिघांची आणि क्षणभराची. पंधरा जणांच्या खेळातल्या प्रॉपला जगवेल अशी व्यवस्था भारतात नाही. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत घडलेल्या माना आणि पाठी पाहिल्या की मला याची हळहळ वाटते.

शरीर आणि डोकं

खांदा, गुडघा, मान यांच्या दुखापती फॉरवर्डच्या कारकिर्दीत गृहीतच धरलेल्या असतात. वेल्सचा लॉक अलुन विन जोन्स 2021 मध्ये लायन्सचा कर्णधार असताना पहिल्याच सामन्यात खांदा निखळून बाहेर गेला आणि तीन आठवड्यांत परत खेळला. बीस्टलाही मधल्या काळात हृदयाचे ठोके अनियमित झाल्यामुळे संघाबाहेर बसून उपचार घ्यावे लागले.

डोक्याच्या दुखापतीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचं बिल उशिरा येतं. एकच मोठा मार लागून माणूस बेशुद्ध पडतो, ते दिसतं तरी. दर आठवड्याला टॅकलमध्ये, रकमध्ये, सरावात बसणारे शेकडो छोटे हादरे कोणी मोजत नव्हतं. टॅकल म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं, आणि रक म्हणजे खाली पडलेल्या माणसावरून चेंडूसाठी होणारी झोंबाझोंबी. फॉरवर्डचं निम्मं आयुष्य रकमध्ये जातं. 2003 च्या विश्वविजेत्या इंग्लंडचा हूकर स्टीव्ह थॉम्पसन याने 2020 मध्ये जाहीर केलं, की वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय. विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. खेळाच्या संस्थांनी आम्हाला पुरेसं जपलं नाही, असं म्हणत शेकडो माजी खेळाडू त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेले. 2023 च्या डिसेंबरमध्ये त्यांतली काही नावं जाहीर झाली. त्यांत फिल व्हिकरी होता. डर्बनच्या त्या दुपारी बीस्टसमोर उभा होता, तोच.

2022 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या 412 माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची तुलना तशाच वयाच्या बाराशे सामान्य माणसांशी केली. मेंदूची झीज होणाऱ्या आजारांचा धोका खेळाडूंमध्ये अडीच पटींहून जास्त निघाला. मला सगळ्यांत विचार करायला लावलं ते पुढच्या निष्कर्षाने: फॉरवर्ड आणि बॅक यांच्या धोक्यात फरक आढळला नाही. अधिक हादरे खाणाऱ्या फॉरवर्डला अधिक धोका असेल, असं आपल्याला सहज वाटतं. या आकड्यांनी तसं दाखवलं नाही. बहुधा बॅकच्या धडका संख्येने कमी आणि वेगाने जास्त, म्हणून हिशेब बरोबरीचा होत असेल, पण हा माझा तर्क.

उपाय चालू आहेत. डोक्याला मार बसल्याची शंका आली तर खेळाडूला तपासणीसाठी बारा मिनिटं बाहेर नेतात. 2024 पासून वरच्या पातळीवर दातांच्या कवचात हादरे मोजणारे सेन्सर बसवले जातात आणि आकडा फार वर गेला की बाहेर बसलेल्या डॉक्टरला सूचना मिळते. खेळाडू स्वतः सांगत नाही, कारण त्याला बाहेर जायचं नसतं आणि बाकावर त्याची जागा घ्यायला कोणीतरी टपलेलं असतं. यंत्राला तसली भीड नसते, म्हणून मला हा बदल मोलाचा वाटतो.

थांबणं

बऱ्याच फॉरवर्डना थांबायचा दिवस स्वतः निवडता येत नाही. तो डॉक्टर निवडतो, नाहीतर करार न वाढवणारा क्लब. बीस्टला ती मुभा मिळाली. 2018 च्या जूनमध्ये ब्लूमफाँटेनला तो दक्षिण आफ्रिकेकडून शंभर कसोटी खेळणारा पहिला प्रॉप झाला. पुढच्या वर्षी चौतिसाव्या वर्षी विश्वचषक खेळून त्याने आंतरराष्ट्रीय रग्बी सोडलं. नंतर अमेरिकेत वॉशिंग्टनच्या ओल्ड ग्लोरी डीसी संघाकडून थोडं खेळला, पण 2020 च्या साथीने तो हंगामच गुंडाळला गेला.

2 नोव्हेंबर 2019 ला योकोहामात अंतिम सामना होता, समोर इंग्लंड. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर डोक्याला मार लागून बाहेर गेला. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी राखून ठेवलेल्या डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना बीस्टसमोर आणि नंतर त्याच्या बदलीसमोर काढावा लागला. दहा वर्षांपूर्वी डर्बनला जे घडलं होतं, त्याचीच पुनरावृत्ती झाली. स्क्रम मागे जात राहिली, पंचांचा हात वर जात राहिला, हान्द्रे पोलार्ड लाथेने तीन-तीन गुण घेत राहिला. मध्यंतराला 12-6. दक्षिण आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण पेनल्टीचे.

दुसऱ्या अर्धात चार मिनिटं होतात न होतात तोच बीस्टला परत बोलावलं. स्टीव्हन किट्सॉफ आत गेला. 66 व्या मिनिटाला दक्षिण आफ्रिकेच्या मापिम्पीने ट्राय केला, 74 व्या मिनिटाला कोल्बीने, आणि सामना 32-12 असा संपला. आजही त्या सामन्याची चित्रफीत लावली की पहिल्यांदा दाखवतात ते हेच दोन ट्राय. ते झाले तेव्हा बीस्ट बाकावर बसून पाहत होता.